ताटातली डावी बाजू : मेंदूची साल दुखावली की नेमकं काय जातं?

खडीसाखर | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वाचत बरीच असते, लिहिते फार कमी. आज अडलंय म्हणून आले.

बाबा ७१ वर्षांचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. पाच आठवड्यांपूर्वी त्यांना झटका आला. डावा हात लुळा, तोंड वाकडं. कागदावर 'राइट एमसीए इन्फार्क्ट' असं लिहिलंय, म्हणजे उजव्या मेंदूच्या मधल्या रोहिणीचा रक्तपुरवठा तुटला. नऊ दिवसांनी घरी आणलं. पाय बराच आला, काठी धरून चालतात. हाताला अजून जोर नाही. बोलणं स्वच्छ. कोणती गाडी कुठल्या साली कोणत्या मार्गावर होती ते अजून तोंडपाठ. येणारे-जाणारे म्हणतात, थोडक्यात निभावलं.

पण घरात काहीतरी विचित्र चाललंय. आधी आईच्या लक्षात आलं, तेही ताटावरून. आमच्याकडे ताट रीतसर वाढतात. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड. उजवीकडे भाजी, आमटी. बाबा उजवीकडचं सगळं संपवतात, पोळीसुद्धा उजव्या अर्ध्यातून तोडतात आणि डावं जसंच्या तसं ठेवून उठतात. वर म्हणतात, "हल्ली चटणी करत नाहीस होय?" चटणी समोर! आई दुखावली. तिला वाटलं, टोमणा आहे.

दाढी उजव्या गालाची करतात, डावा तसाच. सदऱ्याची डावी बाही लोंबत ठेवून बाहेर येऊन बसतात. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटतो. आणि काल पेपर वाचताना मोठ्याने म्हणाले, "विश्वास ठराव आणलाय." मी बघितलं तर बातमी अविश्वास ठरावाची. त्यावरून पंधरा मिनिटं वाद घातला माझ्याशी.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले डोळे ठीक. रुग्णालयात विचारलं तर "हळूहळू होईल" एवढंच उत्तर मिळालं, पुढचा पेशंट दारात उभा होता. भाऊ म्हणतो, बाबा मुद्दाम करतायत, लक्ष वेधायला. तसं असेल का? फाइलमध्ये 'कॉर्टिकल' असा शब्द चार ठिकाणी आहे. हे कॉर्टेक्स म्हणजे नक्की काय, आणि ते दुखावलं की माणसाचं काय काय जातं? अनुभव असेल तर सांगा.

पिंपळपान | मंगळवार, रात्री ११:०२

काळजी घ्या. उत्तर माहीत नाही, पण अविश्वासचा विश्वास झाला हे वाचून काटा आला. वाचतोय.

सुईदोरा | बुधवार, सकाळी ७:१५

खडीसाखर, तुमच्या भावाला आधी सांगा की बाबा मुद्दाम करत नाहीयेत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवते; चौदा वर्षं न्यूरोचेच पेशंट बघतेय. तुम्ही लिहिलेलं आमच्या वॉर्डात अगदी रोजचं आहे. याला 'निग्लेक्ट' म्हणतात. मराठीत मी घरच्यांना 'डावीकडचं भान जाणं' असं सांगते.

यात डोळा चांगला असतो, मानही वळते. पण 'डावीकडे' नावाची जागा आहे याचीच दखल मेंदू घेत नाही. ज्याची अर्धी नजर गेलीय त्याला आपल्याला दिसत नाही हे बहुतेक कळतं, तो मान फिरवून भरपाई करतो. निग्लेक्टवाला मान फिरवत नाही, कारण त्याच्या लेखी तिकडे बघण्यासारखं काही नाहीच. तुम्ही स्वत:च्या पाठीमागे काय आहे ते दिसत नाही म्हणून तक्रार करता का? तसं.

घरी करून बघा. कोऱ्या कागदावर एक लांब आडवी रेघ ओढा आणि बरोबर मध्यावर खूण करायला सांगा. खूण बरीच उजवीकडे सरकेल. मग गोल काढून द्या आणि त्यात घड्याळाचे आकडे भरायला सांगा. बहुतेक वेळा बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसतात, नाहीतर सहापर्यंत येऊन माणूस "झालं" म्हणतो.

निदान तुमच्या डॉक्टरांनीच करायचं, हे मी चाचणी म्हणून नाही, तुमच्या भावासाठी सांगतेय. ती घड्याळाची चिठ्ठी त्याला दाखवा.

आणि एक अत्यंत महत्त्वाचं. घरात स्कूटर असेल तर किल्ली लपवा. आजच.

खडीसाखर | बुधवार, सकाळी ८:३०

स्कूटर आहे. किल्ली आत्ता डब्यात टाकली. तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली, ती चटणीच्या वाटीकडे बघत बसली होती.

वल्कल | बुधवार, दुपारी १:५०

या धाग्यावर न येणं शक्यच नव्हतं, आमचा आयडीच तो. कॉर्टेक्स म्हणजे लॅटिनमध्ये झाडाची साल. तीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगतो.

शाळेत आपण 'प्रमस्तिष्क' शिकलो तो मोठा मेंदू. त्याच्यावरचा करड्या रंगाचा थर म्हणजे कॉर्टेक्स. जाडी फक्त २ ते ४ मिलिमीटर, म्हणजे नारळाच्या करवंटीपेक्षा फार जास्त नाही. पण उलगडून पसरला तर वर्तमानपत्राच्या एका पानाहून मोठा होईल. कवटीत मावावा म्हणून निसर्गाने चुरगळून कोंबलाय, त्यामुळे दोन तृतीयांश भाग घड्यांच्या आत दडलेला. मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी साधारण १६ अब्ज या सालीत आहेत. उरलेल्यांतल्या बहुतेक सगळ्या मागच्या छोट्या मेंदूत, हे ऐकून वर्गात नेहमी पोरं चक्रावायची.

या सालीचा एक नकाशा आहे. कपाळामागचा भाग ठरवतो, आखतो, आवरतो. त्याच्या मागच्या कडेला हालचालीची पट्टी, तिच्या पाठीला टेकून स्पर्शाची पट्टी. कानाच्या बाजूला ऐकणं आणि ओळखणं, डोक्याच्या मागे अगदी टोकाला दिसणं. माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्डने जाग्या पेशंटच्या मेंदूला बारीक विजेचा स्पर्श करून या पट्ट्या मोजल्या. १९३७ साली त्याने जे चित्र छापलं त्यात ओठ, जीभ आणि अंगठा राक्षसी, पाठ आणि मांडी चिमुकली. जिथे बारीक काम जास्त तिथे जागा जास्त. बाबांचा पाय लवकर आला आणि हात रेंगाळला, तेही या नकाशावरूनच कळतं. पायाची जागा दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत उतरते, तिला रक्त वेगळ्या रोहिणीतून मिळतं. हाताची आणि तोंडाची जागा बाहेरच्या अंगाला, नेमकी ज्या एमसीएचं नाव कागदावर आहे तिच्याच पदरात.

उजव्या मेंदूला इजा आणि डावा हात लुळा का, हे बहुतेकांना माहीत असतं. आज्ञा नेणारे बहुतेक तंतू मानेच्या जरा वर, मस्तिष्कपुच्छात, बाजू बदलतात.

मग प्रश्न उरतो भानाचा. ही गोष्ट उजवा मेंदू गेल्यावरच इतकी ठळक का दिसते? पुष्कळांनी मानलेलं एक स्पष्टीकरण असं. बाबा वाहतूक नियंत्रक होते ना? समजा स्टँडवर दोन नियंत्रक आहेत. डावा मेंदू नावाचा माणूस फक्त उजवीकडचे फलाट बघतो. उजवा मेंदू नावाचा माणूस दोन्हीकडचे बघतो. पहिला रजेवर गेला तर दुसरा निभावून नेतो. दुसरा गेला की डावीकडच्या फलाटांना कोणी वालीच नाही. गाड्या येतात, जातात, नोंद होत नाही.

पेपरातल्या 'अविश्वास'चं तेच झालं. डावीकडचं अक्षर गेलं. नशीब, 'बेकायदा' वाचलं नाही.

अर्धवटराव | बुधवार, दुपारी २:२०

वल्कलकाका, आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो ना? मग थोडा गेला तर बिघडलं कुठे? (दिवा घ्या, म्हणजे गंमतच आहे.)

वल्कल | बुधवार, दुपारी २:४५

दिवा घेतला, पण तेल संपलंय. असा रिकामा पडलेला नव्वद टक्के मेंदू असता तर खडीसाखरबाईंनी हा धागा काढलाच नसता. वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. कोण पोसेल नव्वद टक्के बसून खाणाऱ्यांना?

मोगरी | बुधवार, दुपारी ३:१०

अवांतर : आमच्या गल्लीत मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' शिकवणारा क्लास होता. भाचा पट्टीखालून नाकाच्या फटीतून बघायचा, त्यानेच आम्हाला सांगितलं. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

तिरफळ | बुधवार, रात्री ९:०५

सावंतवाडीहून लिहितेय. आमच्या मावशीचं डावीकडचं गेलं, म्हणजे मेंदूची डावी बाजू. तिला निग्लेक्ट वगैरे नाही, वाचा गेली. सगळं समजतं, "खिडकी लाव" म्हटलं तर लावते. पण बोलायला गेली की "तां... तां..." एवढंच. पाणी हवं असेल तर पाण्याकडे बोट दाखवून रडायची.

चतुर्थीला आरती सुरू झाली. सगळे मोठ्याने म्हणत होते, झांजा चालू. मी सहज बघितलं तर मावशीचे ओठ हलत होते. जवळ गेले तर शब्द येत होते! अख्खं कडवं, स्वच्छ, सुरात. आरती संपली. मी आनंदाने विचारलं, "मावशी, पाणी देऊ?" तर परत "तां... तां..."

घरात अर्धे म्हणाले देव पावला, अर्धे म्हणाले मग एरवी नाटक करते का? मला दोन्ही पटलं नाही. हे काय असतं?

आणि हो, पाढेही येतात. बेचा पाढा सुरू करून दिला की वीसपर्यंत जाते. आणि दुधाचं पातेलं उतू गेलं तेव्हा एक सणसणीत मालवणी शिवीही ऐकलीय.

वल्कल | बुधवार, रात्री १०:३०

तिरफळताई, शिवीचा उल्लेख केलात ते फार बरं झालं. या शास्त्राच्या पहिल्या पेशंटचीही तीच गत होती.

पॅरिसजवळ बिसेत्र नावाचं रुग्णालय आहे. तिथे लबोर्न नावाचा माणूस २१ वर्षं राहिला. त्याला बोलताना एकच आवाज काढता यायचा : "तां". बहुतेक वेळा दोनदा, "तां तां". सगळे त्याला त्याच नावाने हाक मारायचे. समजायचं बरंच, हातवारे करून उत्तरं द्यायचा, आणि लोकांना आपलं म्हणणं कळलं नाही की भडकून एक फ्रेंच शिवी हासडायचा. १८६१च्या एप्रिलमध्ये तो वारला. पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याचा मेंदू उघडून बघितला, तर डाव्या कपाळामागच्या भागाच्या खालच्या वळकटीला मोठी इजा होती. तो मेंदू पॅरिसला अजून जपून ठेवलाय. १६० हून जास्त वर्षांपूर्वीचा पॅरिसचा कारागीर आणि तुमची मावशी एकाच अक्षरावर येऊन अडकावीत, हा योगायोग आहे, पण मी आज जेवताना तेच डोक्यात घोळवत होतो.

पुढे १८७४ साली कार्ल वेर्निकेने उलटा प्रकार दाखवला. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर-मागे इजा झाली की माणूस घडाघडा बोलतो, पण त्याला काही अर्थ नसतो, आणि समोरच्याचं बोलणंही पोचत नाही. अशा माणसाला घरचे वेड लागलं म्हणून भलतीकडे नेतात.

आरती, पाढे, शिवी, वारांची नावं हे घोकून घोकून एका साखळीत ओवलेलं बोलणं असतं. एक कडी हलली की पुढची आपोआप येते. "मला पाणी हवंय" हे मात्र दर वेळी नव्याने जुळवावं लागतं. जुळवणारा कारखाना डावीकडे. साखळी आणि सूर सांभाळण्यात उजव्या बाजूचाही हात असतो, असं मानतात. त्यामुळे मावशी नाटक करत नाहीये, आणि देव पावला म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही.

सुईदोरा | गुरुवार, सकाळी ६:५०

वल्कल सरांच्या पोस्टला जोडून. या सुराचाच आधार घेऊन बोलणं शिकवायची पद्धत १९७३ पासून वापरात आहे. "पाणी हवं" हे दोन सुरांत, खाली-वर, डाव्या हाताने टेबलावर ठेका धरत म्हणायचं. थेरपिस्ट आधी बरोबर म्हणते, मग हळूहळू आपला आवाज काढून घेते. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण मावशीला समजतं आणि गाता येतं म्हणताय, तर स्पीच थेरपिस्टला जरूर विचारा. आरती नुसती म्हणत राहिल्याने बोलणं येत नाही, हेही सांगून ठेवते. आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलू नका. तिला समजतं.

भटक्या_७१ | गुरुवार, सकाळी ९:४०

आमच्याकडं अजून "अंगावरून वारं गेलं" म्हणत्यात. माझ्या चुलत्याला वारं गेलं तवा गाडीत घालून आधी औषध देणाऱ्या बाबाकडं न्हेलं. तिथं कबुतराचं रगत चोळलं. दोन दिवसांनी शहरात आणलं. डॉक्टर बोलला, आता आणून काय करू? चुलता आठ वर्षं खाटेवर होता. मी तवा कालिजात होतो, मला कळत हुतं, पण थोरल्यांम्होरं बोललो नाही. तेवढंच सांगायचं हुतं.

सुईदोरा | गुरुवार, सकाळी १०:०५

भटक्या, लिहिलंत म्हणून बरं झालं.

गुठळीचा झटका असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीवघेणं, म्हणून आधी सीटी. म्हणजे सीटी असलेल्याच ठिकाणी न्यायचं, १०८ ला फोन करायचा, आणि घड्याळ बघून 'शेवटचे धडधाकट कधी दिसले' ती वेळ लिहून ठेवायची. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर वेळ रात्री झोपतानाची धरतात. तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं बोबडं, अचानक तोल किंवा नजर गेली, यातलं एकही पुरेसं. वाट बघायची नाही.

खडीसाखर | गुरुवार, दुपारी १२:३०

आमचे दोन तास असेच गेले. बाबा म्हणत होते, "मला काही झालेलं नाही, चहा टाका." डावा हात लोंबतोय आणि हा माणूस चहा मागतोय. आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवला. रुग्णालयातही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो लुळा हात उचलून विचारलं, "हा कोणाचा?" तर म्हणाले, "सिस्टरचा असेल."

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. भीती वाटत होती की लोक म्हणतील डोक्यावर परिणाम झाला.

वल्कल | गुरुवार, दुपारी ४:००

परिणाम झालाच आहे, पण लोक म्हणतात त्या अर्थाने नाही. आपल्याला काही झालंय हेच न कळणं हा त्याच इजेचा भाग. १९१४ साली पॅरिसच्या बाबिन्स्कीने त्याला वेगळं नाव दिलं. तळपायाला खाजवून अंगठा वर जातो का बघतात ना, तोच हा बाबिन्स्की. हातावर लक्ष ठेवणारा भागच बंद पडला, तर हात हलत नाही अशी तक्रार पोचवणार कोण? मग मेंदू उपलब्ध माहितीवर सर्वात सोयीचं उत्तर देतो : सिस्टरचा असेल. हे खोटं बोलणं नव्हे.

डाव्या कानात गार पाणी सोडलं की हे भान काही मिनिटांपुरतं परत येतं, असं १९८०च्या दशकात दिसून आलंय. माणूस कबूल करतो की हो, हात हलत नाही. पाण्याचा परिणाम ओसरला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कृपा करून घरी करू नका. सांगितलं एवढ्यासाठी, की माहिती आत कुठेतरी असते, दार बंद असतं.

घाटवाट | गुरुवार, रात्री ८:१५

फिनिअस गेजचा उल्लेख अजून कसा नाही? रेल्वेचा मुकादम, पहार डोक्यातून आरपार, जगला, पण देवमाणसाचा राक्षस झाला.

वल्कल | गुरुवार, रात्री ८:५०

अर्धं खरं. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. सहा किलोची, साडेतीन फुटांहून लांब पहार डाव्या गालातून शिरून माथ्यातून बाहेर पडली. सुरुवातीला तो बेताल, शिवराळ झाला, कशावर टिकेना, हे त्याच्या डॉक्टरने लिहून ठेवलंय. पण लोक पुढचं सांगत नाहीत. नंतर त्याने चिलीमध्ये कित्येक वर्षं घोडागाडी हाकली. सहा घोड्यांची गाडी वेळेवर नेणं, उतारू सांभाळणं हे राक्षसाचं काम नव्हे. १८६० मध्ये तो वारला.

सांजवेळ | गुरुवार, रात्री ११:२०

कपाळामागच्या भागाचं मी सांगू शकते. नवऱ्याला चार वर्षांपूर्वी बाइकवरून पडून मार लागला. हेल्मेट डिकीत होतं.

बाहेरून बघाल तर ठणठणीत. बुद्धीच्या चाचण्यांत पास. पण सकाळी आंघोळ कर म्हटल्याशिवाय आंघोळीला जात नाही. आळस नाही, सुरूच होत नाही. भाजीवाल्याने "साहेब, अजून घ्या" म्हटलं की घेत सुटतो. एकदा कोथिंबिरीच्या एकवीस जुड्या आणल्या. माझ्या काकांच्या दहाव्याला घाटावर मोठ्याने हसला. लोक माझ्याकडे बघत होते, त्याच्याकडे नाही.

लुळा हात दिसतो, म्हणून लोक दार उघडून धरतात. हे दिसत नाही, म्हणून मला सल्ले देतात.

सुईदोरा | शुक्रवार, सकाळी ७:००

सांजवेळ, तुमच्यासाठी एक गोष्ट. वर पेनफिल्डचं नाव आलंय. त्याच्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूत गाठ होती. १९२८ मध्ये त्याने स्वत: शस्त्रक्रिया करून उजवा कपाळामागचा बराच भाग काढला. ती बरी झाली, बोलणं, वागणं, आठवण, सगळं ठीक. पुढे एकदा तो तिच्याकडे जेवायला गेला. साधा बेत, एक पाहुणा आणि घरचे चौघे. जेवायची वेळ झाली तर सामान सगळं हजर, एक-दोन गोष्टी शेगडीवर, सॅलड तयार नाही, मांस शिजायला लावलेलंच नाही आणि ती मधोमध गोंधळून, थकून उभी. प्रत्येक पदार्थ तिला येत होता. आधी काय, मग काय, हे जुळवणं गेलं होतं.

मी हे घरच्यांना नेहमी सांगते. कुकर लावून कणीक भिजवायची आणि तोवर भाजी फोडणीला टाकायची, हे किती अवघड काम आहे ते गेल्याशिवाय कळत नाही. भिंतीवर कामांची यादी लावा. आंघोळ, चहा, गोळी, अशी एकाखाली एक. सांगणारं तोंड तुमचं नको, भिंतीचं असू दे. भांडणं कमी होतात.

सांजवेळ | शुक्रवार, सकाळी ७:२०

भिंतीचं तोंड. करून बघते.

घारूअण्णा_टोरांटो | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

उशिरा आलो. निग्लेक्टवरचा माझा सगळ्यात लाडका प्रयोग इथे आला नाही म्हणून लिहितो.

इटलीतलं मिलान. बिसियाक आणि लुझात्ती या दोघांनी १९७८ मध्ये छापला, आणि ज्या नियतकालिकात छापला त्याचं नावही 'कॉर्टेक्स'. त्यांच्याकडे उजव्या मेंदूला इजा झालेले दोन मिलानकर होते. त्यांना म्हणाले, डोळ्यांसमोर आणा : तुम्ही मोठ्या चर्चच्या चौकात, चर्चकडे तोंड करून उभे आहात. काय काय दिसतं? दोघांनी उजव्या हाताच्या इमारती, दुकानं सांगितली. डावीकडचं जवळजवळ काही नाही. मग म्हणाले, आता चर्चच्या पायरीवर उभं राहून चौकाकडे बघा. आता त्यांनी मघाशी गाळलेल्या इमारती सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या गाळल्या!

म्हणजे आठवण सगळी शाबूत. भान फक्त बाहेरच्या जगाच्या डाव्या बाजूचं नाही, मनातल्या चित्राच्याही डाव्या बाजूचं गेलं होतं. खडीसाखर, बाबांना सगळे मार्ग पाठ आहेत म्हणालात ना? (सगळ्याच निग्लेक्टवाल्यांत हे दिसत नाही.)

खडीसाखर | रविवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगते.

घड्याळ काढून घेतलं. आकडे १ ते ८, सगळे उजव्या अर्ध्यात. बाबांनी वर सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. भाऊ ते बघून काही बोलला नाही, संध्याकाळी येऊन त्यांची डावी बाही घालून दिली.

मग घारूअण्णांचा प्रयोग. म्हटलं, "बाबा, गावच्या स्टँडवरून आपल्या घराकडे निघालात. पेठेत कोण कोण लागतं?" बाबा रंगात आले. पिठाची गिरणी, न्हावी, पोस्ट, कासार, मारुती. सगळी उजव्या हाताची. "आणि डावीकडे?" जरा थांबून म्हणाले, "डावीकडे काय, भिंत." चाळीस वर्षं ज्या रस्त्याने डबा घेऊन गेले तो रस्ता!

थोड्या वेळाने विचारलं, "घरून ड्युटीवर निघालात, आता सांगा." लगेच : किराणा, सायकलवाला, सोनार, दवाखाना आणि पानाची टपरी. टपरीवाल्याचे साडेचार रुपये १९८८ पासून द्यायचेत हेही आठवलं. गिरणी आणि मारुती गायब. मी म्हटलं, "बाबा, मारुती?" तर म्हणाले, "मारुती येताना लागतो."

मला हसावं की रडावं कळेना. आई आत जाऊन भांडी घासत बसली.

सुईदोराताई, पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायची का? कोणीतरी सांगितलंय. आणि किती भरून येईल?

सुईदोरा | सोमवार, सकाळी ७:१०

हो, जाड लाल पट्टी. ओळ वाचायच्या आधी 'लाल शोधा' एवढीच सूचना. पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, मग वाचायचं. बोलायला मुद्दाम डावीकडे बसा, पण आधी समोरून हाक मारून मग सरका, एकदम डावीकडून गेलात तर दचकतील. पाणी, बेल, फोन मात्र उजवीकडे. सराव डावीकडे, अडीअडचणीचं उजवीकडे. लुळा हात जेवताना मांडीवर नको, टेबलावर, त्यांना दिसेल असा.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शेजारचे भाग काम उचलायला शिकतात. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो, पुढे कमी होतो, पण थांबत नाही. निग्लेक्ट बऱ्याच जणांत पुष्कळ ओसरतो, काहींत थोडा राहतो. बाबांचं कुठल्या गटात ते आज कोणीच सांगू शकणार नाही.

ताटाचं काय केलंत?

खडीसाखर | सोमवार, रात्री १०:१५

चटणी उजवीकडे वाढू म्हटलं, तर आई ऐकेना. उलटं ताट वाढणार नाही म्हणते, अशुभ. मग तिनेच तोडगा काढला. ताट रीतसर वाढते, अर्धं जेवण झालं की काही न बोलता ते अर्धं गोल फिरवते.

आज पहिल्यांदा फिरवलं. बाबांनी ताटाकडे बघितलं, मग आईकडे. म्हणाले, "जेवण संपत आल्यावर वाढतात होय चटणी?"

आणि सगळी खाल्ली.